चित्रकलेचा क्लास बंद करू का?

प्रश्न: आम्ही ओझरला राहतो. मुलगी दुसरीत आहे. वहीच्या मागच्या पानांवर सारखी चित्रं काढते, पण हातच्याची वजाबाकी हमखास चुकते. तिचे बाबा म्हणतात, चित्रकला बंद करून अबॅकसला घालू. काय करावं?

उत्तर: ताई, बंद करू नका. अबॅकसशी माझं भांडण नाही. पण आवडीची गोष्ट काढून घेऊन तिच्या जागी गणित आणलं, तर पोरीला गणित म्हणजे शिक्षाच वाटणार.

आधी वजाबाकीचंच बघू. हातचा घेणं म्हणजे एक दशक सुटं करणं, हे तिला नुसत्या आकड्यांत दिसत नसावं. तुमच्याकडे द्राक्षांची काय कमी! तिला घड काढू द्या, प्रत्येक घडात बरोब्बर दहा मणी. ३२ म्हणजे तीन घड आणि दोन सुटे मणी. त्यातून १७ काढायचे, तर सात मणी द्यायला सुटे दोन पुरत नाहीत. मग एक घड तोडायचा, त्याचे दहा मणी सुट्यांत मिळवायचे. बारातून सात गेले, पाच उरले. उरलेल्या दोन घडांतून एक गेला. झाले १५. आठवडाभर हे चित्रातच करा, मग हळूच आकड्यांवर या. सराव लागेलच; चित्र काढलं म्हणून गणित आपोआप सुधारत नाही.

दारात सात ते चार ठिपक्यांची रांगोळी घालता का? मधली ओळ सातची, दोन्ही बाजूंना सहा, पाच, चार. एकूण ठिपके किती, ते आधी अंदाजाने सांगायचं आणि मग मोजायचं. (३७ येतात.) ‘सममिती’ हा शब्द पुस्तकात पुढे कधीतरी भेटेल, डोळ्यांना ती आधीच ठाऊक असेल.

द्राक्षाचं पान समोर ठेवून काढायला सांगा, शेजारी आंब्याचं. एकात मुख्य शिरा देठापासून पंज्यासारख्या फाकतात, दुसऱ्यात मधोमध एकच मोठी शीर. काढायचं म्हटलं की नीट बघावं लागतं, आणि परिसर अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते. चित्र झालं की ‘यात काय चाललंय?’ एवढंच विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत खाली लिहा, दुसऱ्या दिवशी तिलाच वाचू द्या.

क्लास कसला आहे, ते मात्र एकदा बसून बघा. सगळ्या मुलांचे तेच दोन डोंगर, मधून तोच सूर्य असेल, तर क्लास बदला. त्यापेक्षा घरची शाडू बरी. मळून मळून बोटांत बळ येतं, पेन्सिल धरायला तेच लागतं.

बाबांना सांगा, कला आणि विषय एकत्र शिकवा असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आणि करिअरचा विचार अजून फार लांब आहे.

दोन महिने घड तोडूनही अडलं, तर वर्गशिक्षिकेशी बोला. आणि फळ्यावरचं तिला नीट दिसतं ना, तेही एकदा तपासून घ्या.