आठव्या दिवशीच नाव ठेवतात?

प्रश्न : ताई, आमच्या बिल्डिंगमधे नायजेरियाचं एक योरुबा जोडपं भाड्याने राहतं. त्यांना मुलगी झालीय आणि आठव्या दिवशी नाव ठेवायला आम्हाला बोलावलंय. मध, मीठ, पाणी असं मांडून काहीतरी म्हणतात म्हणे. सासूबाईंचं चाललंय, सोयर फिटायच्या आत कसं जायचं? आणि तिथे बोलायचं काय, न्यायचं काय?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सासूबाईंना सांगा, सोयर भावकीला असतं, शेजाऱ्यांना नाही, खुशाल जा! पूर्वी योरुबांमधे मुलीचं नाव सातव्या दिवशी, मुलाचं नवव्या आणि जुळ्यांचं आठव्या दिवशी ठेवायचे, आता सरसकट आठवा दिवस झालाय.

मांडणी म्हणजे पूजा नाही हं. घरातलं वडीलधारं माणूस (ख्रिश्चन घर असेल तर पास्टर) एकेक वस्तू उचलतं, बाळाच्या ओठाला लावतं आणि त्या वस्तूवरूनच आशीर्वाद देतं. मध घेतला की आयुष्य गोड होवो, पाणी घेतलं की पाण्याला कुणी शत्रू नसतो तसा तुलाही नसो. ओरोग्बो नावाचं एक कडू बी असतं, त्यात 'ग्बो' हा म्हातारं होण्याचा शब्द ऐकू येतो म्हणून ते दीर्घायुष्यासाठी. प्रत्येक वाक्यानंतर सगळे 'आशे' म्हणतात, म्हणजे तसंच होवो, तुम्हीही म्हणा. फक्त मधाचं बघा, एक वर्षाच्या आत मध नको असं डॉक्टर सांगतात, आपल्याकडेही चाटवतात म्हणून म्हटलं.

पण मला खरी आवडतात ती नावं. काही नावं बाळ जन्मतानाच घेऊन येतं. जुळ्यांत आधी येतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे, आणि गंमत म्हणजे मोठा मानतात केहिंदेला, कारण त्यानेच ताइवोला जग कसंय बघून ये म्हणून पुढे पाठवलेलं असतं! आजी गेल्यावर मुलगी झाली तर येतुंदे, आई परत आली. पाठोपाठ मुलं दगावणाऱ्या घरात तेच बाळ जातं-येतं असं मानायचे, मग नाव ठेवायचे मालोमो, म्हणजे परत जाऊ नकोस, किंवा दुरोजाये, थांब आणि आयुष्य भोग. आपण अशा वेळी दगडू, धोंडू ठेवून मरणाला चकवायला बघायचो, हे लोक सरळ बाळालाच विनवतात. अर्थात चकवणारी नावंही आहेत, कोसोको म्हणजे खड्डा खणायला कुदळच नाही, आणि या नावाचा राजा १८४५ पासून १८५१ पर्यंत लागोसच्या गादीवर होता.

न्यायचं म्हणाल तर पाकीट पुरे, झबलं-टोपडं नेलंत तरी छानच. नातेवाईक वाडग्यात पैसे टाकून आपापलं एक नाव देतात त्यामुळे एकाच बाळाला पाच-सहा नावं सहज होतात, तुम्हालाही आग्रह झाला तर लाजू नका, एखादं मराठी नाव सुचवून टाका. आईला भेटलात की 'ए कू एवू ओमो' म्हणा, बाळंतपणाच्या धोक्यातून सुखरूप सुटलीस बाई, असा त्याचा भाव. कार्यक्रम बहुतेक सकाळी लवकर असतो, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या.