भाऊ, मुंबईला निघण्याआधी

भाऊ, पोरीची मालिकेसाठी निवड झाली, लय आनंद झाला. पण सोयाबीनचे पैसे 'नोंदणी फी' म्हणून कोणाला देऊ नका. काम देणारा पैसे मागत नसतो. आम्ही वडशाहून गेलो तेव्हा असेच पंधरा हजार बुडाले.

बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार लेकराला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 3 तासांनंतर विश्रांती हवीच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं काढायची. कागद स्वतः पाहा. मानधनातले किमान 20 टक्के तिच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातात, पावती मागा.

आणि झोपलेल्या लेकराला 'एकच टेक' म्हणून उठवू देऊ नका. माझ्या पोराला उठवलं, मी गप्प राहिलो. अजून सलतं ते.

शाळेतल्या बाईंना उद्याच भेटा, अभ्यास सोबत न्यायचा आहे.