कम्युनिटी रेडिओवर गावच्या खाण्याबद्दल बोललं तर कोणी ऐकतं का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: यवतमाळकडे तुमच्या गावाजवळ एक संस्था रेडिओ केंद्र काढतेय, 'स्थानिक अन्न आणि शाश्वत शेती' या विषयावर तुम्हाला आठवड्याला अर्धा तास मिळालाय, आणि मोबाइलच्या जमान्यात हे ऐकणार कोण नि तज्ज्ञ कुठून आणायचे, याची तुम्हाला काळजी आहे.

ऐकतात. पण तज्ज्ञ आणू नका, निदान सुरुवातीला तरी. वर्धा जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मी तीन वर्षं असाच कार्यक्रम केला आणि त्यातले पहिले सहा महिने पार वाया घालवले, म्हणून सांगते. ज्वारीत लोह किती, जवसाचे फायदे काय, डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले. फोन आला एकच, तोही "गाणं लावा" म्हणून. आणि हो, 'शाश्वत' हा शब्द आमच्याकडे कीर्तनातच ऐकू येतो. कार्यक्रमाच्या नावातून तो आधी काढा.

मग एकदा कापूस वेचणाऱ्या बायांत रेकॉर्डर घेऊन बसले आणि उलटं विचारलं: ज्वारी पेरणं बंद कायले केलं? एक म्हातारी म्हणाली, "बाई, पेरली त डुकरं खातेत, डुकरानं सोडली त पाखरं खातेत, अन् घरात आली त भाकर थापाले सुनेले येळ नाई." सून शेजारच्याच तासावर होती. मान वर न करता म्हणाली, "दिवसभर वेचून आल्यावर तुम्हीच थापा ना मंग, आत्याबाई." दोघींना विचारून ते जसंच्या तसं लावलं. त्या आठवड्यात गावोगावच्या सासवा-सुनांनी फोन करून भांडण पुढे चालवलं.

त्या भांडणातून खरी कारणं निघाली. सोयाबीन शंभरेक दिवसांत हाती येतं, मागून हरभरा घेता येतो. बैल विकले, मग कडबा कोणासाठी? आणि रेशन. २०२३ साल जगभर ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, अन् त्याच सालच्या १ जानेवारीपासून रेशनचा गहू-तांदूळ फुकट झाला. त्याला मी नावं ठेवत नाही, त्यावर कित्येक घरं चालतात. पण ज्वारीचे गुण गाणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या घरात काय फुकट येतं, हे ठाऊक असावं. भाकर थापणं, अंबाडी निवडून उकडून पिळून त्यात कण्या शिजवणं, हे सगळं बाईच्या अंगावर येतं. ते न बोलता नुसतं "जुनं ते सोनं" म्हटलं तर बाया रेडिओ बंद करतात, आणि बरोबर करतात.

रानभाज्यांचं जरा सांभाळून. रेडिओवर भाजी दाखवता येत नाही आणि नावं दर दहा कोसांवर बदलतात. आमचा तरोटा पश्चिमेकडे टाकळा होतो. म्हणून वर्णन करायला शिका: "पान भुईमुगासारखं, पण भुईमुगाला चार पानं, याला सहा, आणि रात्री मिटतं." एवढ्यावर लोक ओळखतात. अळिंबीचं मात्र रेडिओवरून अजिबात सांगू नका, चुकलं तर जिवावर बेतेल. तणनाशकाचा विषयही इथेच निघतो. फवाऱ्यानं बाकीचं तण जळतं, केना तेवढा तग धरतो, पण फवारलेल्या वावरातला केना खायचा कोणी? हा प्रश्न एका बाईनंच थेट कार्यक्रमात विचारला होता आणि कृषी खात्यातून आलेले पाहुणे गप्प बसले होते.

बियांचं काम आमच्याकडे संक्रांतीला झालं. वायगावच्या हळदीला, भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. अंबाडीच्या नि बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, बियांना कोण विचारतं? एका कार्यक्रमात कोणीतरी सुचवलं की हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा बियांच्या पुड्या लुटू. वाणात वाण! मडक्यात राखेत कालवून ठेवलेलं बी बाहेर निघालं. आमच्या आळीत वीसेक पुड्या वाटल्या, पुढच्या साली बी परत आलं तिघींकडून. बाकीच्यांचं बकऱ्यांनी खाल्लं, उगवलं नाही, किंवा पुडी देव्हाऱ्यातच राहिली. तीन म्हणजे वाईट नाही.

पुरुषांनी कान दिला तो नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्यावरच्या भागाला. ज्या एचएमटी तांदळाचा भात आपण खातो, तो त्यांनी स्वतःच्या धानात लोंब्या निवडून काढला आणि तेव्हाच्या घड्याळाचं नाव त्याला दिलं, हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

केंद्र ५० वॅटचं असतं, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही. मला आधी ही अडचण वाटायची. पण म्हणूनच बोलणारी बाई कोणाची कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तेलंगणात माचनूरला २००८ मध्ये सुरू झालेलं संघम रेडिओ तर गावच्या दलित बायांनीच चालवलं, तेही भरडधान्यं नि बियांवर बोलत. बातम्या मात्र स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. बऱ्याच नव्या मोबाइलमध्ये रेडिओ नसतो, तेव्हा भाग व्हॉट्सअॅपवर टाकायची सोय आधी करा.

पहिला भाग चक्कीवर करा. ज्वारी दळली की पुढच्याच्या गव्हात मिसळते म्हणून आमचा चक्कीवाला ती घेतच नव्हता. त्याला माइकसमोर बसवलं, बायांनी चारचौघांत झाडलं, तेव्हा त्यानं बाजाराच्या दिवशी दुपारनंतर फक्त ज्वारी दळायचं कबूल केलं. रेकॉर्डिंग तेवढं लाइट गेल्यावर करा, चक्की चालू असली की काही ऐकू येत नाही.