पोलनब्रोनचं जातं

प्रश्न: आयर्लंडला जाऊन आलो. तिथल्या 'पोलनब्रोन' या प्राचीन दगडी स्मारकाच्या नावाचा अर्थ 'दुःखाचं विवर' असल्याचं सहलीत सांगितलं. हे बरोबर आहे का? आणि अशा रचनेला, म्हणजे डोल्मेनला, मराठीत काय म्हणावं?

उत्तर: बरोबर नाही. गेली काही वर्षं हे 'दुःखाचं विवर' माझ्या कानावर इतक्या वेळा आदळलं आहे की, आता कुणी आयर्लंडचे फोटो दाखवायला बसलं की मी आधीच सावरून बसतो. मावळतीचा लाल प्रकाश, मागे बासरी आणि त्यावर निवेदकाचा ओला आवाज: दुःखाचं विवर! जागा तशी आहेच, मान्य. काउंटी क्लेअरमधल्या बरेनचा चुनखडीचा उघडा खडक, त्यावर उभ्या शिळा आणि त्यांच्यावर कललेली एक सपाट छतशिळा. 1985 मध्ये त्यातल्या एका उभ्या शिळेला तडा गेल्याचं दिसलं, म्हणून दुरुस्ती आणि उत्खनन झालं. आत तीसहून अधिक माणसांची हाडं निघाली, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. एवढे मृत म्हटल्यावर नावात दुःख असणारच, असं मनाला वाटतं. पण व्याकरण मनाचं ऐकत नाही.

आयरिशमध्ये 'ब्रोन' म्हणजे दुःख, हे खरं. पण ते नाम पुल्लिंगी आहे. 'दुःखाचं' म्हणायचं तर 'अन व्रोन' असं काहीसं रूप होईल. ('अन' आणि 'न' ही इंग्रजी 'द'सारखी उपपदं. एकवचनाच्या षष्ठीत 'न' फक्त स्त्रीलिंगी नामाआधी येतं.) 'दुःखांचं' असं अनेकवचन घेतलं तर 'न म्रोन', कारण तिथे ब चा म होतो. (आपण विभक्ती लावताना शब्दाची शेपटी बदलतो, दगड-दगडाचा. आयरिश माणूस शब्दाचं तोंडही बदलतो.) म्हणजे नाव 'पोलनम्रोन' व्हायला हवं होतं. ते 'पोलनब्रोन' आहे, ब जसाच्या तसा शाबूत. मग असा कोणता शब्द आहे जो स्त्रीलिंगी आहे, 'न' नंतर ब सांभाळतो आणि ज्याची षष्ठी 'ब्रोन' होते? तो शब्द आहे 'ब्रो'. अर्थ: जातं. पोल म्हणजे खड्डा, विवर. (मराठी 'पोकळ'शी नातं जुळवायला हात शिवशिवतील. आवरा.) तेव्हा हे जात्याचं विवर. विषय संपला.

खरं तर इथे सुरू झाला, कारण 'ब्रो' हा माझा लाडका शब्द आहे. जुन्या आयरिशमध्ये तो 'ब्राउ' असाही येतो. आता एक गंमत बघा. संस्कृतात जिथे ग किंवा ज येतो, तिथे काही शब्दांत आयरिशमध्ये ब दिसतो. आपला गो, त्यांचा 'बो'. आपला जीव, त्यांचं 'ब्यो', म्हणजे जिवंत. वेदातली ग्ना म्हणजे देवपत्नी, आणि त्यांची 'बॅन' म्हणजे बाई. भुताच्या गोष्टीतली बॅन्शी ती हीच. मूळ भारोपीय (संस्कृत आणि आयरिश यांच्या समान पूर्वज-भाषेतला) ध्वनी एकच, ओठ गोल करून उच्चारलेला ग. आपण ग ठेवला आणि ओठ सोडले, त्यांनी ओठ ठेवले आणि ग सोडला. मग 'ब्राउ'चं संस्कृत भावंड कोण? ग्रावा! सोम कुटायचा दगड. त्यांच्या घरात धान्य दळणारा दगड आणि आपल्या यज्ञातला सोम ठेचणारा दगड हे सख्खे भाऊ. इंग्रजीतला 'क्वर्न', म्हणजे जातंच, तिसरा. मुळाशी जडपणाचा अर्थ आहे, आणि त्याच मुळातून आपला 'गुरु' आला. पुढच्या वेळी गुरुजींनी वर्गात दळण घातलं तर तक्रार करू नका, नात्यातलंच आहे.

इथे यास्काचार्यांचे भक्त हात वर करतील. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या त्यांच्या निरुक्तात 'ग्रावाणः' (ग्रावाचं अनेकवचन) शब्दाला हन्, गृ आणि ग्रह् अशी तीन-तीन मुळं दिली आहेत: मारणारा, गाणारा, पकडणारा. यास्कांबद्दल आदर आहे, पण एका शब्दाला तीन बाप देणं ही व्युत्पत्ती नव्हे. 'गाणारा' मात्र मलाही मोह घालतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 94व्या सूक्तात हे दगड बोलतात, त्यांच्याशी आपणही बोलू या असं कवी म्हणतो. आणि जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आजीच्या मांडीशी बसून ज्यानं पहाटेची घरघर ऐकली आहे, त्याला दगड गातो हे पटवून द्यावं लागत नाही. तरीही 'गृ'पासून 'ब्राउ' निघत नाही. मोह झाला म्हणून पुरावा होत नाही.

बोलणाऱ्या दगडांची हौस आयर्लंडलाही आहेच. तारा टेकडीवर (तारादेवीचा संबंध नाही, मूळ नाव तेम्हर) 'लिया फॉल' नावाची उभी शिळा आहे. तुआथा दे दानन या दैवी लोकांनी ती फालियस नगरातून आणली, आणि खरा राजा आला की ती ओरडायची, अशी कथा. आयरिश कथांतला वीर कू हुलिन यानं पुढे केलेल्या राजासाठी ती ओरडली नाही, तेव्हा त्यानं चिडून तिच्यावर तलवार हाणली. मग शिळा गप्प झाली. मला विचाराल तर गप्प बसण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

पोलनब्रोनच्या वाट्याला असा राजा आला नाही. अशा थडग्यांना लोक 'डिअर्मिड आणि ग्रोन्या यांचं अंथरूण' म्हणतात. दंतकथेत म्हाताऱ्या फिन या वीराशी ठरलेलं लग्न टाकून ग्रोन्या डिअर्मिडबरोबर पळाली, फिन मागावर, आणि ही जोडी रोज रात्री नव्या ठिकाणी निजायची. आपल्याकडे जशी प्रत्येक लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरलेली असतात, तसंच हे. लक्षात घ्या, प्रेमिकांचं अंथरूणसुद्धा चाललं, पण शोक कुणाला सुचला नाही. तो नंतरच्या भाषांतरकारांचा.

'जातं' का, यावर माझा एक तर्क आहे. वर दगड, खाली दगड, मधे पोकळी, आणि त्या पोकळीत माणसं. बरेनच्या शेतकऱ्याला ते उचलून धरलेल्या जात्यासारखं दिसलं असणार. चुनखडीतल्या एखाद्या गोल खड्ड्यावरून नाव पडलं, असं म्हणणारे आहेत. असतील. त्यांनी जातं उचलून बघितलेलं नाही. नाव थडगं बांधणाऱ्यांनी दिलेलं नाही, एवढं तरी सगळ्यांनी मानावं: ते लोक दगड रचत होते तेव्हा आयरिश भाषा जन्मालाही आली नव्हती, आणि फिरवायचं जातं त्या बेटावर पोचायला आणखी काही हजार वर्षं होती.

आणि दुःख हवंच असेल तर ते आपल्या ग्राव्यात शोधा. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, हे आपणच म्हणतो. विदर्भातल्या भवभूतीनं तर उत्तररामचरितात, सीतेच्या विरहात जनस्थानी भटकणाऱ्या रामाला पाहून, 'अपि ग्रावा रोदिति' असं लिहून ठेवलं आहे. दगडसुद्धा रडतो. त्यासाठी चुकीची आयरिश षष्ठी लावायची गरज नाही.

डोल्मेनचं राहिलंच. शब्द ब्रेटन भाषेतून फ्रेंचांनी उचलला, 'मेन' म्हणजे दगड. 'डोलणारा दगड' असा अर्थ एका गृहस्थांनी मला आत्मविश्वासानं सांगितला होता. मराठीत शिळामंडप म्हणा. कर्नाटकात हिरेबेणकलला असे पुष्कळ आहेत, आयर्लंडच्या तिकिटापेक्षा स्वस्तात बघून होतील.