चौथीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं आठवी-नववीत इंग्रजीत उत्तरं लिहिताना अडतात. शिक्षकाने काय करावं?

गोव्यात सत्तरी, पेडणे, डिचोलीकडे हा प्रश्न नेहमीचाच. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम. मुलं जुजबी इंग्रजी बोलतात, म्हणून पुस्तकही कळत असेल असं आपण धरून चालतो. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ साली यातला फरक मांडला. बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात लागतात. म्हणजे आठवीतलं पोर अजून अर्ध्या वाटेवरच असतं, त्याला 'ढ' ठरवू नका.

विज्ञानाच्या तासाला आधी मराठी-कोंकणीत बोलू द्या. मिठागरातलं पाणी का आटतं हे पेडण्याचं पोर झोपेतही सांगेल. मग फळ्यावर अर्धं वाक्य लिहा: 'द वॉटर इव्हॅपोरेट्स बिकॉज...' पुढचं ते जोडीदाराशी बोलून पुरं करील. 'इव्हॅपोरेशन' पाठ होतं हो, पण 'देअरफोर', 'अनलेस', 'व्हेअरअ‍ॅज' इथे गाडी अडते, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही.

वही लाल करू नका. या आठवड्यात फक्त क्रियापदाचा काळ तपासा, बाकी चुका सोडून द्या. या वयात चारचौघांत हसं झालं की पोर तोंडच उघडत नाही, तेव्हा अचानक उभं करून वाचायलाही लावू नका.

आणि गाइडमधली उत्तरं उतरवून देणं बंद करा. त्याने फक्त अक्षर सुधारतं.