नवीन जात म्हणायच्या आधी

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला, शिपवर्मच्या (समुद्रातलं लाकूड पोखरणारा, शिंपल्याच्या कुळातला जीव) कल्ल्यातून काढलेल्या बॅक्टेरियाचं १६एस, म्हणजे बॅक्टेरिया ओळखायला वाचतात तो जीन, माहीत असलेल्या जवळच्या जातीशी ९७.९ टक्केच मॅच झालं म्हणजे नवीन जात सापडली असं तू लिहिलंस, मलाही लय आनंद झाला. पण पेढे वाटायच्या आधी सांग, सिक्वेन्स किती लांब आहे? पूर्ण जीन साधारण १५०० अक्षरांचा असतो आणि पैसे वाचवायला एकाच प्राइमरनं (जिथून वाचन सुरू होतं तो छोटा डीएनएचा तुकडा) ७०० वाचून घेतलं असेल तर त्या टक्क्यावर जाऊ नको. पूर्ण करून घे, मग इझबायोक्लाउड या ऑनलाइन डेटाबेसवर टाइप स्ट्रेनशीच (ज्याच्यावरून जातीला नाव दिलं तो मूळ नमुना) ताडून बघ. ९८.७ च्या खाली राहिलं तर आशा आहे, तरी जिनोम करावाच लागतो, जवळच्या जातीशी एएनआय, म्हणजे दोन जिनोममधलं सरासरी साम्य, ९५-९६ टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. हा बॅक्टेरिया त्या जीवाच्या आतलाच आहे काय, की पाण्यातून नुसता चिकटून आला? कल्ले निर्जंतुक समुद्री पाण्यानं धुतले तेव्हा शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर टाकलं होतं का? तिथंही तीच कॉलनी आली असेल तर "आतला" असं लिहायचं नाही बाप्पा. आणखी दोन-तीन शिपवर्म उघड, त्यांच्यातही तोच निघतो का बघ.

तू तुरीच्या वावरात वाढलेली पोर, मुळावरची गाठ फोडली की आत गुलाबी दिसते, तिथले बॅक्टेरिया झाडासाठी हवेतला नायट्रोजन बांधतात, ते तुला सांगायला नको. शिपवर्ममधे असंच चालतं, टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी नावाचा बॅक्टेरिया, २००२ साली त्याचं नाव ठेवलं, तो कल्ल्यांत राहतो, सेल्युलोजही फोडतो आणि नायट्रोजनही बांधतो, म्हणून तर लाकडावर त्या जीवाचं भागतं. तुझा बॅक्टेरिया त्याच्या नात्यातला निघाला तर नायट्रोजन नसलेल्या मीडियावर वाढवून बघच, मग तो तिथं राहून करतो काय हेही कळेल, आणि मला तर नावापेक्षा तेच जास्त मोलाचं वाटतं.

आणि कल्चर जप. उन्हाळ्यात आपल्याकडे बाहेर ४५ डिग्री, लाईट गेली की इन्क्युबेटर तापतो, २८ वर वाढणारं कल्चर हातचं जाऊ शकतं. आजच २० टक्के ग्लिसरॉलमधे व्हायल भर, एक सेट उणे ८० वाल्या दुसऱ्या लॅबमधे ठेवायला दे, फ्रीजमधल्या स्लँटच्या (तिरप्या अगारच्या नळीच्या) भरवशावर राहू नको. समुद्री बॅक्टेरिया वाढवायचं झोबेल मरीन अगार गढूळ दिसतं, तळाला गाळ बसतो, बिघडलं म्हणून फेकू नको. प्लेटला पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी) लाव नाहीतर वाळून जातील, आणि दोन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून टाकू नको, हळू वाढणारे आठ-दहा दिवसांनी दिसतात.

नवीन जातीचा टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमधे (जिवंत कल्चर सांभाळणाऱ्या संस्थांत) जमा करावा लागतो, आपल्याकडे त्यातलं चंदीगडचं एमटीसीसी आहे. बाहेर पाठवायला २००२ च्या जैवविविधता कायद्याचे कागद लागतात, त्यात वेळ जातो, म्हणून गाईडला आत्ताच विचारून ठेव.

धुण्याच्या पाण्याची प्लेट अजून असेल तर तिचा फोटो आधी पाठव, उजेडात काढ, कॉलनीच्या कडा दिसल्या पाहिजेत.

तुझा,
सर