मुंबईच्या सेंट थॉमस चर्चला पहिल्यांदा जाताय ना?

ठाण्याहून सीएसएमटी फास्ट पकडा. तिथून हॉर्निमन सर्कलपर्यंत पायीच जा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फोटो काढत फिरणं बरं दिसत नाही. शनिवारी गेलात तर फोर्टात गर्दीही कमी.

आत शिरल्यावर सगळे थेट रंगीत काचांकडे बघत सुटतात. तुम्ही आधी भिंती वाचा. मुंबई इलाख्याचा अर्धा इतिहास तिथे संगमरवरात आहे: कुणी लढाईत गेलेला, कुणी ऐन तारुण्यात तापाने. गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक चुकवू नका. तो १८११ मध्ये मुंबईतच वारला. काशी आणि काठियावाडातली बालहत्या थांबवल्याचं त्याच्या स्मारकावर कोरलंय. स्तुती जरा सढळच असते या लेखांत, तेवढं धरून चाला.

बांधकाम १६७६ च्या सुमारास सुरू होऊन रखडलं. मग रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागून १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. चर्चगेट हे नाव याच्याकडे येणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं. दरवाजा १८६० च्या दशकात तटबंदीबरोबर गेला, स्टेशन मात्र नाव सांगतंय.

निघताना बाहेरचं कारंजंही नीट बघा.